कुंचल्याचे वळण आणि धातूचा खिळा

कुंचल्याने लिहिलेल्या अक्षरात हाताची गती उतरलेली असते. रेघेच्या आरंभी रंग भरपूर असतो, शेवटी तो आटत जातो. म्हणून एकाच ओळीत दोनदा आलेले तेच अक्षरही सर्वस्वी सारखे नसते. मुद्रणाचा खिळा मात्र चौकोनी, सुटा आणि अपरिवर्तनीय. अशा खिळ्यांच्या जुळणीतून सहज लेखनाचा आभास कसा निर्माण करावा, हा प्रश्न विसाव्या शतकातील जाहिरात-मुद्रणापुढे उभा होता.

अमेरिकन टाईप फाउंडर्स या संस्थेने १९४२ साली रॉबर्ट स्मिथ यांचे ‘ब्रश स्क्रिप्ट’ हे वळण प्रसिद्ध केले. या प्रश्नाचे अधिक धाडसी उत्तर पुढे फ्रान्समध्ये मिळाले. मार्से येथील ओलिव्ह ओतशाळेसाठी रोजे एक्स्कोफाँ (१९१०–१९८३) यांनी १९५३ साली ‘मिस्त्राल’ सिद्ध केले. दक्षिण फ्रान्समधील थंड, जोरकस वाऱ्याचे हे नाव. या वळणाचा आधार एक्स्कोफाँ यांचे स्वतःचे हस्ताक्षर हा होता.

रोमन लिपीतील २६ लहान अक्षरांपैकी कोणत्याही अक्षरापुढे कोणतेही अक्षर येऊ शकते. म्हणजे एकंदर ६७६ जोड्या संभवतात. या सर्व जोड्या जुळावयाच्या, तर एका अक्षरातून बाहेर पडणारी रेघ ठराविक उंचीवर व ठराविक जाडीने संपली पाहिजे, आणि पुढील अक्षराने ती तेथेच उचलली पाहिजे. देवनागरीच्या जुळाऱ्यास हा प्रश्न अपरिचित नाही. दोन खिळ्यांत फट राहिली की शिरोरेषा तुटते. तथापि शिरोरेषेचा सांधा सरळ व आडवा असतो, तर मिस्त्रालमधील सांधा धावत्या रेघेचा आहे. म्हणून सांध्यापाशी नियम कडक ठेवून एक्स्कोफाँ यांनी अक्षरांची उंची, पसारा आणि खडबडीत कडा यांत मोकळीक घेतली. वाचकाच्या नजरेत ही मोकळीकच भरते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अक्षरांमध्ये जादा अंतर सोडल्यास सांधे उघडे पडतात. सर्व शब्द मोठ्या अक्षरांत जुळविल्यास ओघ नाहीसा होतो. एकच अक्षर जवळजवळ पुन्हा आले, की दोन्ही आकृत्या तंतोतंत सारख्या दिसून खिळ्याचे अस्तित्व उघड होते. त्यामुळे असे वळण दुकानाची पाटी, भित्तिपत्रक, वेष्टन किंवा शीर्षक यांना शोभते; दीर्घ मजकुरास ते मानवत नाही.

१९९६ साली घोषित झालेल्या ओपनटाईप या संगणकीय पद्धतीने एका अक्षराची अनेक रूपे साठवून शेजारच्या अक्षरानुसार योग्य ते रूप निवडण्याची सोय केली आहे. त्यामुळे पुनरावृत्तीचा दोष पुष्कळ कमी करता येतो. मात्र प्रत्येक पर्यायी रूपाचे सांधेही शेजारच्या अक्षरांशी जुळावे लागतात. रूपे वाढली की आखणाऱ्याचे कामही त्या प्रमाणात वाढते. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात साधलेली वाटणारी ही अक्षरे वस्तुतः अशा काटेकोर मोजमापावर उभी असतात.