पवित्र प्रभाकर: खेड्यातून आलेला स्पायडर-मॅन

पोरं कॉमिक्स वाचत असतील, तर २००४ सालची ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ त्यांच्यासाठी शोधाच! यातला पवित्र प्रभाकर खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत येतो. कपड्यांवरून मुलं त्याला चिडवतात. पुढे हाच पोरगा धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. तपोवन एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्या जिंतूर-पाथरीच्या मुलाला ते चिडवणं समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कचा मूळ स्पायडर-मॅन पीटर पार्कर मलाही फार आवडतो, पण त्याच्या गोष्टीत आपण पाहुणे असतो. २०२३ मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधून पवित्र मोठ्या पडद्यावर आला, तोही मराठीतून! आता गंगाखेडच्या कापूस वेचणाऱ्या घरातली एखादी सुपरहिरो मुलगी कुणीतरी काढा. पहिली प्रत मी घेणार!