भिंतीला कान, खिशात फोन

"हे फोनवर नको, समोर भेटून बोलू." जळगावचे मेहरूण असो की धुळ्याचे मौलवीगंज, हे वाक्य आता घराघरांत ऐकू येते. बोलायचे तरी काय असते? मुलीच्या रिश्त्याची गोष्ट, शेताचा व्यवहार, नाहीतर मशिदीच्या कमिटीतला मतभेद. त्यात गुन्हा काहीच नसतो, तरी आवाज खाली येतो. व्हॉट्सॲपवर तर वर्षानुवर्षे एक संदेश फिरतो आहे, की टिक लाल झाली म्हणजे सरकारने तुमचा मेसेज वाचला. हा संदेश साफ खोटा आहे, अशी लाल टिक नसतेच. पण अफवेला बळ मिळते ते मनातल्या भीतीतून. म्हणून यात खरे किती, खोटे किती आणि आपला दीन काय सांगतो, ते आम्ही इथे मांडत आहोत.

मुक्ताईनगरपर्यंत आलेली गोष्ट

फोन ऐकले जातात, हे खान्देशाला कोणी दुरून येऊन सांगायला नको. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे राज्याचे माजी महसूलमंत्री. २०१९ मध्ये त्यांचा फोन ६७ दिवस आणि खासदार संजय राऊत यांचा फोन ६० दिवस ऐकला गेला, असा आरोप पुढे आला. परवानगीच्या कागदावर त्यांची खरी नावे नव्हती, खडसेंच्या जागी 'खडसने' आणि राऊतांच्या जागी 'एस. रहाटे' असे लिहिले होते, असेही तपासात पुढे आले. या प्रकरणी २०२२ मध्ये मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदला गेला.

पुण्यातल्या अशाच दुसऱ्या प्रकरणाने तर आपल्याला अधिक विचार करायला लावले पाहिजे. काँग्रेसचे नेते नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले, की आपला नंबर 'अमजद खान' या नावाने नोंदवून, अमली पदार्थांचा संशय दाखवून ऐकण्यात आला. तत्कालीन आमदार बच्चू कडू यांच्या नंबरापुढे 'निजामुद्दीन बाबू शेख' असे नाव घातल्याचेही पुढे आले.

पुढे राज्यातले सरकार बदलले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे दोन्ही गुन्हे रद्द केले आणि २०२४ मध्ये श्रीमती शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कायद्याच्या दृष्टीने कोणावरही दोष सिद्ध झालेला नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. पण एक प्रश्न उरतोच. संशय पटावा म्हणून कागदावर अमजद आणि निजामुद्दीन हीच नावे का सुचावीत? ज्यांच्या घरात ही नावे खरोखर आहेत, त्या आईबापांनी काय समजावे?

कायदा काय म्हणतो

गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी सरकारने फोन ऐकूच नये, असे कोणी म्हणत नाही. १८८५ च्या तार कायद्याने तशी मुभा दिली होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. राज्यात असा आदेश गृहसचिवाने द्यायचा, त्याची कारणे लिहायची, मुदत ६० दिवसांची आणि वाढवली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे नाही, अशी पुढे चौकट ठरली. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, तरी साधारण चौकट तीच आहे. उणीव अशी, की आदेश देणारे सरकारी अधिकारी आणि तो तपासणारी समितीही सरकारी सचिवांचीच. मध्ये न्यायाधीश कुठेच नाही. नावच चुकीचे लिहिले, तर पकडणार कोण?

त्यातून यंत्रे बदलली. पूर्वी तार जोडून बोलणे ऐकत. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस फोनमध्ये शिरले की मेसेज, फोटो, माइक, कॅमेरा सगळेच दुसऱ्याच्या हाती जाते. ही कंपनी आपला माल फक्त सरकारांना विकते, असे तीच सांगते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना सावध केले, त्यांत नागपूरचे वकीलही होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नमूद केले.

एवढे महागडे हत्यार मेहरूणच्या किराणा दुकानदारावर कोणी वापरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पण २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो हक्क दुकानदाराचाही तितकाच आहे.

दीनची शिकवण

आपल्यासाठी ही गोष्ट नवी नाही. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) अल्लाहने गैरगुमान, टेहळणी आणि गीबत या तिन्हींना एकाच ठिकाणी मनाई केली आहे. क्रमही पाहा. आधी मनात संशय येतो, मग माणूस पाळत ठेवतो, मग चारचौघांत बोलतो. सूरह नूरमध्ये (२४:२७) इजाजत आणि सलामाशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, असा हुकूम आहे.

हजरत उमर (रजि.) यांची रिवायत मशहूर आहे. मदिन्यात रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले, तर तो माणूस शराब पीत होता. तो म्हणाला, माझा गुनाह एक, पण आपण तीन गोष्टी केल्या. टेहळणी केली, दाराने आला नाहीत आणि इजाजतही घेतली नाही. खलिफांनी त्याला माफ केले आणि ते परत फिरले. हुकूमत हाती असूनही त्यांनी एका साध्या माणसाच्या दाराचा मान राखला.

घरातून सुरुवात

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. सुनेचा मोबाइल चोरून पाहणारी सासू, बायकोचे मेसेज वाचणारा नवरा, नणंदेचा फोटो न विचारता स्टेटसला टाकणारी भाभी, हेही भिंत चढणेच आहे. लहान मुलांच्या फोनवर आईबापांनी लक्ष ठेवावे, पण उघडपणे, मुलांना सांगून.

सरकारपेक्षा भामट्यांकडून होणारा त्रास रोजचा आहे. निकाहची पत्रिका म्हणून एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते लिहा, शक्य तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारे आधार द्या. बोटांच्या ठशांना आधारच्या ॲपमधून कुलूप लावता येते. पोलीस असल्याचे सांगून कोणी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केली, तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यातच नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

आणि घाबरून गप्प बसू नका. हक्काची गोष्ट उघडपणे, सभ्य भाषेत बोला. अल्लाह आपल्या घरांची आबरू राखो आणि आपल्याला दुसऱ्यांच्या घरांची आबरू राखण्याची तौफिक देवो. आमीन.