ओळ जुळली, पण मधली जागा कुठे गेली?

‘ग्लोबल’ कमांड या आठवड्यात घ्यायची होती, ती पुढे ढकलतो आहे. एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला ठेववेना. विम या एडिटरमध्ये कॅपिटल जे दाबला की इंग्रजी मजकुराच्या ओळी नीट जुळतात. मराठीत मात्र पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द चिकटतात. ‘पाऊस’ आणि ‘पडला’ यांचं ‘पाऊसपडला’ होतं.

पहिला संशय जी-जे या जोडीवर जातो. आधी लहान जी दाबला गेला, तर विम दोन ओळी आहेत तशा जोडतं, मध्ये जागा घालत नाही. पण मग इंग्रजी शब्दही चिकटले असते. तेव्हा बोट चुकलेलं नाही.

साधा जे दिसतो त्यापेक्षा बराच विचार करतो. ओळ तोडणारं चिन्ह काढतो, पुढच्या ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा खातो आणि मग ठरवतो, मध्ये एक जागा घालायची की नाही. पुढची ओळ मिटत्या कंसाने सुरू होत असेल तर घालत नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी जागा आधीच असेल तरी नाही. ‘जॉइनस्पेसेस’ चालू असेल तर पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हानंतर दोन जागा घालतो. ही टाइपरायटरच्या काळातली सवय. मूळ विममध्ये हा पर्याय आपोआप चालू असतो, निओविममध्ये बंद. वाक्यांमध्ये जास्तीची जागा दिसली, तर तिथे बघा.

आपलं दुखणं मात्र ‘फॉरमॅटऑप्शन्स’मध्ये आहे. त्यात कॅपिटल एम हे अक्षर असेल, तर एकापेक्षा जास्त बाइट लागणाऱ्या अक्षराच्या आधी किंवा नंतर जे जागा घालत नाही. कॅपिटल बी असेल, तर अशी दोन अक्षरं समोरासमोर आली की घालत नाही. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांना हे हवंच असतं, कारण त्यांच्या लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून विम मराठीलाही त्याच रांगेत बसवतं. आपल्याला तर जागेशिवाय शब्दच कळत नाही! ‘फॉरमॅटऑप्शन्स’मधली एम आणि बी ही अक्षरं विममध्ये आपोआप नसतात. बहुतेक वेळा कोणाची तरी तयार विमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल, उचलताना सोबत येतात.

खात्री करायला कोलन दाबून ‘व्हर्बोज सेट एफओ’ लिहा (एफओ म्हणजे ‘फॉरमॅटऑप्शन्स’) आणि शेवटी प्रश्नचिन्ह द्या. किंमत तर दिसेलच, पण ती शेवटची कोणत्या फाइलने बदलली तेही दिसेल. ही ‘व्हर्बोज’ माझी फार आवडती कमांड आहे. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आधी तिला विचारावं.

किमतीत कॅपिटल एम किंवा बी दिसला तर तो काढा. त्याच जागी लहान एम सापडला तर तोही काढा. चिनीत ओळ कुठल्याही अक्षरावर तोडता येते, ती सोय हा एम करतो. मराठीत त्यामुळे ‘टेक्स्टविड्थ’ लावून लिहिताना किंवा जी-क्यूने परिच्छेद सारखा करताना शब्द अध्येमध्ये तुटतो. जी-क्यूही आतून ओळी जोडतंच, म्हणून कॅपिटल एमचा त्रास तिथेही होतो.

काढताना एक खाच आहे. ‘सेट एफओ’नंतर वजा-बरोबर देऊन दोन्ही एम एकदम लिहिले, तर ती अक्षरं त्याच क्रमाने शेजारी असतील तरच जातात. नसतील तर काहीच होत नाही, आणि विम तक्रारही करत नाही. म्हणून एकेक अक्षर वेगळ्या ओळीत काढा.

राहिले आधीच चिकटलेले शब्द. फाइल अजून उघडी असेल तर यू दाबत मागे जा, किंवा कोलन देऊन ‘अर्लियर १एफ’ म्हणा. मजकूर आधी साठवला होता त्या स्थितीत परत येतो. ‘अनडूफाइल’ लावलेलं असेल, तर फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावरही हा इतिहास मिळतो. नाहीतर डोळ्यांनी वाचून जागा घालणं एवढंच उरतं. कुठला शब्द कुठे संपला होता याची खूण फाइलमध्ये शिल्लक राहिलेली नसते.

पुढच्या आठवड्यात ‘ग्लोबल’.