दिसतंय चांगलं, तरी पडदा तपासा



एरवी या पानावर मी लागण, खोडवा नि खतांच्या मात्रा यांवर लिहितो. या खेपेला विषय साखरेचाच, पण रक्तातल्या.

गेल्या गळीत हंगामात आमचे थोरले बंधू पायाच्या जखमेसाठी नऊ दिवस रुग्णालयात होते. मधुमेह दहा वर्षांचा. जखम धुतली, इन्सुलिन सुरू झाले, पथ्याचा कागद मिळाला. डोळ्यांचे कुणी विचारले नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. दादांना चष्मा लावून वजनकाट्याची पावती वाचता येत होती ना! चार महिन्यांनी एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी आली. आत रक्त सांडले होते.

हुमणीचे बघा. ऊस पिवळा पडून हाताने सहज उपटून येतो, तोवर मुळ्या खाऊन झालेल्या असतात. इथेही तसेच. जादा साखरेने डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, पाझरतात, काही बंद पडतात. मग नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त येते. हे चालू असताना नजर साफ असू शकते. दुखत नाही, खुपत नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही, आणि हा मोतीबिंदूही नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी शंभरात सुमारे बाराजणांना हा विकार आढळला.

लेझरने पुढची हानी बरीच रोखता येते, हे अमेरिकेतल्या चाचणीत १९७६ मध्येच दिसून आले. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत. पण लेझरने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. इंग्लंडात २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो नियमित काढण्याची सरकारी योजना आहे. कामकर्त्या वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण तिथे अनेक दशके हेच होते. २००९-१० च्या नोंदींत ते पहिले राहिले नाही.

तेव्हा घरचे कुणी मधुमेहासाठी रुग्णालयात असेल, मग जखम पायाची असो की छातीचे दुखणे, घरी सोडण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, “पडद्याची तपासणी झाली का?” तिथे सोय नसेल तर चिठ्ठी लिहून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात चौकशी करा. मोठेपणी होणारा मधुमेह कळला की लगेच एकदा, पुढे दरसाल. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीलाच. तपासणीसाठी थेंब घालतात, त्याने काही तास अंधुक दिसते. त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, सोबत माणूस न्यावा. तोडणी चालू आहे ही सबब मीही सांगितली होती.

दादांच्या उजव्या डोळ्याला वेळेवर लेझर झाले, तो शाबूत आहे. डाव्याने उसाची सरी दिसते, पावतीवरचा आकडा लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी