धारवाडचे कामत आणि बुद्धीचे माप

काही वर्षांपूर्वी आमच्या बारडोलीच्या शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगा आला. आईबाप खानदेशातून ऊसतोडणीस आलेले. घरी अहिराणी, वर्गात गुजराती. प्रश्न विचारला की तो नुसता पाहत राही. मीच त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘मंदबुद्धी’ असा शेरा लिहिला. पुढे एके सायंकाळी तो धाकट्या बहिणीला मोळ्यांचा हिशेब तोंडी समजावीत असलेला कानी पडला आणि स्वतःच्या शेऱ्याची शरम वाटली.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांच्या कार्याकडे मी वळलो तो या निमित्ताने. शिकण्यात मागे पडणारी मुले हेरण्यासाठी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व सीमाँ यांनी १९०५ साली कसोट्या रचल्या. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली त्या सुधारून घेतल्या. कामतांनी त्या धारवाड भागातील मुलांसाठी कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांत नव्याने बसविल्या. त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

हे काम केवळ भाषांतराचे नव्हे. टर्मन यांच्या कसोटीत सात वर्षांच्या मुलास दोरीची फुलगाठ मारावयास सांगत. रोज बुटाची नाडी बांधणाऱ्यास ते सोपे. अनवाणी शाळेत येणाऱ्याने काय करावे? नऊ वर्षांच्या मुलाने यमके जुळवावीत अशी अपेक्षा, आणि यमक तर भाषेगणिक बदलते! म्हणून कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे आपल्याच मुलांना विचारून ठरवावे लागते. त्यावरून मानसिक वय काढावयाचे, त्यास खऱ्या वयाने भागून शंभराने गुणावयाचे, की बुद्ध्यंक मिळतो. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा भरले तर तो ७५. प्रश्नच न समजल्याने उत्तर चुकले, तरी आकडा तेवढाच खाली येतो.

कामतांची मापे आज जुनी झाली आहेत, हे खरे. परंतु दोन भाषा शेजारी नांदणाऱ्या मुलखात मुलाला त्याच्या घरच्या भाषेत विचारले पाहिजे हे त्यांनी ओळखले, याचे मोल परमुलखात मुले वाढविणाऱ्या आपणांस अधिक कळावे.

मी शाळेच्या दप्तरातील तो शेरा खोडला. तोवर हंगाम संपून त्या मुलाचे बिऱ्हाड गावी परतले होते. मूळ प्रगतिपत्रक त्याच्यासोबत गेले.