रोवणीच्या दिवसांतली तपासणी

सकाळी ७
सालेकसा तालुक्यात सध्या धानाची रोवणी चालू आहे. बाया उजाडताच बांधीत उतरतात. म्हणून आशाताईंना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवते, "चिखलात पाय पडायच्या आधी घेऊन या." गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायांची, त्रास असो वा नसो. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "मले तं काईच त्रास नाही." त्रास नसतानाच यायचं असतं, हे समजावण्यात निम्मी सकाळ जाते.

सकाळी ९
ट्रेमध्ये स्पेक्युलम, कापसाचे बोळे आणि आजच पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. शेजारी टॉर्च. बोळा पिशवीच्या तोंडाला लावून घड्याळात पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाई केली तर डाग निसटतो. ठळक कडांचा पांढरा डाग उमटला, तर पुढची तपासणी. कॅन्सरपूर्वीचा बदल निघाला, तर तेवढाच भाग उष्णतेने जाळता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. त्या डागाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढी मुदत फार थोडे कॅन्सर देतात.

सकाळी ११
पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली एक आजी. "लाल जाते," हे तिने सुनेलाही सांगितलं नव्हतं. आत मांसल वाढ, बोळा टेकताच रक्त. इथे अ‍ॅसिडचं काम नाही, थेट बायोप्सी. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली आणि उद्या आशाताई सोबत जाईल हे ठरवूनच तिला उठू दिलं. नुसती चिठ्ठी हातात दिली, की पुष्कळदा ती घरीच राहते.

दुपारी १
ऑस्ट्रेलियात आता बाई स्वतःच नमुना घेऊन, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी करू शकते. त्या तपासणीची ताकद आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याने दाखवली. १९९९ साली तिथे सुरू झालेल्या अभ्यासात १ लाख ३१ हजारांहून अधिक बाया होत्या. ज्या गटात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ती इथल्या प्रत्येक बाईला मिळायला हवी.

दुपारी ४
वाढलेल्या आजाराचा मुख्य उपचार लंडनला आणि नागपूरला एकच. साधारण पाच आठवडे रेडिएशनचा शेक, दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची सलाईन, शेवटी आतून दिलेला शेक. सगळं आठ आठवड्यांत पुरं व्हायला हवं. टाटा रुग्णालयाने ८५० बायांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. तिसऱ्या टप्प्यातल्या या बायांपैकी नुसत्या शेकाने पाच वर्षांनी ४३.८ टक्के आजारमुक्त होत्या, सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५२.३ टक्के. पण त्यासाठी उपचार नियमाने पुरा घ्यावा लागतो. गोंदियापासून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. महात्मा फुले योजनेतून उपचार होतो, रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला सवलतही आहे. तरी खोली, जेवण, सोबतीला राहणाऱ्याची बुडालेली मजुरी उरतेच.

संध्याकाळी ६
नागपूरहून एका पेशंटचा फोन. "सिस्टर, रक्त बंद झालं. आता बरी आहो. रोवणीले येऊन जाऊ का?" सगळ्यात धोक्याचा दिवस हाच. बाहेरचा शेक संपला, आतला राहिला आहे. रक्त थांबलं तरी मुळाशी आजार असतो आणि आतला शेक तिथेच पोचतो. तिला ठाम सांगितलं, "येऊ नको." मग नवऱ्याला फोन केला, आशाताईला तिच्या घरी पाठवलं. तिच्या बांधीतली रोवणी शेजारच्या बाया दोन दिवसांत उरकणार आहेत.

रात्री ८
रजिस्टरमध्ये पांढऱ्या डागांच्या नोंदी केल्या, आजीचं नाव लाल शाईने लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेला २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायांची तपासणी आणि आजार सापडलेल्या ९० टक्के बायांना उपचार हवे आहेत. यातला उपचाराचा आकडा गाठायला यंत्रं आणि डॉक्टर लागतीलच. पण बाई नागपूरला असेपर्यंत तिचं शेत आणि घर कोणी सांभाळायचं, हाही उपचाराचाच भाग आहे. त्यासाठी सरकारी कागदावर अजून रकाना नाही. तो असायला हवा.