तीन शाळा एक झाल्या, पण नाव कुणाचे?

बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांसाठी तर शाळाच वेगळ्या होत्या. त्यांच्या लढ्याची ही एक कथा आपण ऐकण्यासारखी आहे.

अलेक्झांड्रिया हे राजधानी वॉशिंग्टनजवळचे शहर. तिथे १९२० साली कृष्णवर्णीयांच्या दोन शाळा, एक मुलांची व एक मुलींची, एकत्र करून 'पार्कर-ग्रे' शाळा निघाली. जॉन पार्कर आणि सारा ग्रे हे त्या दोन शाळांचे मुख्याध्यापक. समाजाने आपल्या गुरुजनांचा असा मान राखला.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून केलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. शहराचे शिक्षणप्रमुख टी. सी. विल्यम्स यांना मात्र हे रुचले नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी एक कृष्णवर्णीय माता आपल्या लेकरांसाठी कोर्टात गेली, तेव्हा १९५८ साली त्यांनी तिला कामावरून काढले. तरीही १९५९ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्यांच्या शाळांत पाऊल ठेवलेच.

१९६५ साली नवे हायस्कूल उभे राहिले. त्याला नाव दिले टी. सी. विल्यम्स यांचेच! त्याच वर्षी पार्कर-ग्रेचे हायस्कूल म्हणून असलेले स्थान गेले. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

आता शहरात तीन हायस्कुले होती. कायद्याने ती सर्वांना खुली होती, पण वस्ती जशी तशी शाळा. म्हणून १९७१ साली तिन्ही शाळांची अकरावी-बारावीची मुले या एकाच शाळेत आणली गेली. फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले हर्मन बून, एक कृष्णवर्णीय शिक्षक. गोरी-काळी मुले एकत्र खेळली, तेराच्या तेरा सामने जिंकली आणि राज्यात पहिली आली. यावर २००० साली 'रिमेंबर द टायटन्स' हा चित्रपट निघाला.

पण फाटकावरचे नाव तेच राहिले. भेदभावाची पाठराखण करणाऱ्याच्या नावाच्या शाळेत कृष्णवर्णीय मुले शिकत राहिली. अखेर २०२० साली नाव बदलण्याचा ठराव झाला आणि २०२१ पासून ती शाळा 'अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल' झाली.

नावात काय आहे, असे आपल्यालाही विचारले गेले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मारली गेली. नावात काय आहे, हे त्या घरांना विचारावे.

शाळा एकत्र करणे हे अर्धेच काम. एका बाकावर बसणे, एकत्र डबा खाणे आणि फाटकावरचे नाव आपलेही वाटणे, हे झाले तरच ती शाळा सर्वांची. माता-पित्यांनो, आपल्या मुलांच्या शाळेत हे तिन्ही आहे का, ते एकदा जाऊन पाहा. नसेल तर संघटित होऊन विचारा.

जय भीम!